तापलेली गंजी

माझा धंदा उशिरा पोचण्याचा आहे. कुठे गोदाम जळलं, गिरणी पेटली, कापसाचं कोठार खाक झालं, की विमा कंपनी मला पाठवते. मी पोचतो तेव्हा बंबवाले निघून गेलेले असतात, राख ओली असते आणि मालक एकतर रडत असतो किंवा फार व्यवस्थित बोलत असतो. मला दुसऱ्या प्रकारच्या मालकाची जास्त काळजी वाटते. आग कुठून सुरू झाली, कशाने लागली आणि आत खरोखर किती माल होता, हे मी राखेवरून सांगायचं. लोकांना वाटतं, राख सगळी सारखी. तशी ती नसते. एका व्यापाऱ्याने मिरचीची पोतीच्या पोती जळाल्याचं मला सांगितलं होतं. मी विचारलं, "शेठ, तुमच्या गल्लीत कुणाला ठसका लागला का?" शेठनी लगेच चहा मागवला.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि या अंकाच्या संपादकांनी त्याच मागितल्या होत्या. पण लिहायला बसलो आणि मन दुसरीकडेच गेलं. प्रत्येक जळालेल्या जागी मी एक प्रश्न विचारतो, जो कंपनीच्या छापील अर्जात नाही: "पहिलं धावून कोण आलं?" हाताखालची मंडळी मागून हसतात. हा प्रश्न मला कर्जतला मिळाला, या धंद्यात पडण्याच्या बऱ्याच आधी. आयुष्यात एकाच आगीच्या आधी मी हजर होतो, ती तिथली.

तेव्हा मी मुंबईत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. महायुद्ध संपलं होतं, स्वातंत्र्य यायचं होतं. आमच्या प्राध्यापकांचं मत होतं की पुस्तकातून व्यापार शिकलेली मुलं कारकून होतात, व्यापारी होत नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने हिवाळ्यात एखाद्या पेढीवर उमेदवारी करायची, तिथला व्यवहार डोळ्यांनी पाहायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. मालकाचा दाखला नसेल तर प्रबंध घेणार नाहीत, आणि प्रबंध नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मुलांनी कापूस, सराफी, जहाजं असे भारदस्त विषय घेतले. माझ्या वडिलांची ओळख मात्र कर्जतच्या एका गवताच्या व्यापाऱ्याशी होती.

"गवताचा कसला व्यापार?" माझा एक मित्र म्हणाला. "उगवतं, म्हैस खाते, संपलं."

पण ती म्हैस मुंबईत होती आणि गवत कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर होतं. मुंबईचे तबेले, टांग्यांचे आणि व्हिक्टोरियांचे घोडे, सगळे या गवतावर जगत. दसऱ्यानंतर माळावरचं कमरेएवढं गवत पिवळं पडू लागलं, की वाड्यांवरची ठाकर आणि कातकरी माणसं कापणीला उतरत. गवत उन्हात वाळायचं, मग बैलगाड्यांनी स्टेशनजवळच्या वखारीत यायचं. तिथे त्याची घराएवढी उंच रास रचत. ती गंजी. पुढे गंजी थोडी थोडी मोडून गवत दाबयंत्रात घालायचं, माणसांनी दांडा धरून गोल फिरत ते आवळायचं, आणि तारांनी बांधलेल्या चौकोनी गासड्या रेल्वेच्या वाघिणींत चढवायच्या. दाबयंत्राला सगळे 'परेस' म्हणत. मीही म्हणायला लागलो.

निघण्यापूर्वी प्राध्यापकांनी आमच्याकडून लिहून घेतलं होतं: पेढीतली कोणतीही गोष्ट बाहेर, विशेषतः प्रतिस्पर्ध्याला, सांगणार नाही. बाकीच्यांनी हसत सही केली. मला मात्र शेजाऱ्यांची वाटी परत करायची राहिली तरी झोप लागत नाही. मी ते वचन खिशात घालून कर्जतला उतरलो.

बाबूशेठ बुटके, जाड आवाजाचे, टोपी कायम मागे सरकलेली. मी त्यांच्या घरीच राहायचो, त्यांच्याच ताटात जेवायचो म्हटलं तरी चालेल. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव टाकून दिलं.

"काय रं बीकाम, गवताला हात लावलायस का कदी?"

"नाही."

"मंग लाव. कापतंय. आदी हात कापून घे, मंग वही काड."

प्राध्यापकांची दुसरी सूचना अशी होती की प्रतिस्पर्धी पेढीही पाहून यायची. कर्जतला ती शोधावी लागत नव्हती. नदीपलीकडे दहिवलीला काशीबाईंची वखार होती. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांचे यजमान आणि बाबूशेठ पूर्वी भागीदार होते, एकाच ताटात जेवणारे. यजमान वारले तेव्हा बाबूशेठना वाटलं, बाई आता आपला हिस्सा आपल्यालाच विकतील, आणि तसं ते तेराव्याच्या आधीच बोलून गेले. दिवस झाल्यावर बाईंनी आपल्या वाटणीचं परेस सुटं केलं, गाड्यांवर घातलं आणि नदी उतरून दहिवलीला उभं केलं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. बाबूशेठ त्यांचं नावही घेत नसत; नुसतं 'दहिवली' म्हणत. "दहिवलीनं भाव चढवला." "दहिवलीची माणसं आज लौकर आली."

मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा आक्का गासडीवर बसून तारा मोजत होत्या.

"तू बाबूचा बीकाम न्हवं?"

"हो."

"बस. पानी पी. त्याच्या घरचं कालवण खारट असतंय."

आमच्या गासड्यांना दोन तारा असत, त्यांच्या गासड्यांना तीन. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "बाईमानसाची गासडी सुटली तर गावभर सांगतील. म्हनून एक जास्तीची." मी ते लिहून घेतलं. परत आल्यावर बाबूशेठ विचारणार हे ठरलेलं. "काय म्हनते दहिवली?" मी म्हणायचो, "सांगता येणार नाही, वचन दिलंय." ते खूश व्हायचे. आक्काही तेच विचारायच्या, तेच ऐकायच्या आणि त्याही खूश व्हायच्या. दोघांनाही वाटायचं, मी आपल्या बाजूचा.

यावरून मी प्रबंधातलं स्पर्धेचं प्रकरण लिहिलं. एकच स्टेशन, तीच कापणारी माणसं, त्याच मोजक्या वाघिणी आणि त्यांवर डोळा ठेवून बसलेल्या दोन वखारी. युद्धात सुरू झालेली वाघिणींची टंचाई अजून सरली नव्हती. त्या मिळायला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत आणि ठरल्या दिवशी भरल्या नाहीत तर त्या दुसऱ्याला जात. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'येथे एकाच्या नुकसानीतच दुसऱ्याचा फायदा आहे.' वाक्य मला फार आवडलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवेळी पाऊस आला. खालापूरच्या बाजूच्या माळांवर कापून पडलेलं गवत भिजलं. आक्कांनी आपलं गवत पुन्हा पसरलं, उलटंपालटं केलं, पुन्हा पसरलं. बाबूशेठना मात्र याच हंगामात वाघिणी मंजूर झाल्या होत्या. त्यांचा दिवस चुकला असता तर त्या दहिवलीला गेल्या असत्या. त्यांनी वरवर सुकलेलं गवत गाड्यांत भरून आणलं आणि गंजी रचायला घेतली. मी एका पेंढीत हात घातला. आत गार लागलं.

"शेठ, हे आतून ओलं आहे."

"गंजीत वारा खेळतोय. सुकंल."

"पण..."

"बीकाम, तू तुजं लिही."

बाबूशेठना धंदा कळत नव्हता असं नाही. ओलं गवत दाबून ठेवलं की आपोआप तापतं, कुणी काडी न लावता पेटतं, हे कर्जतमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नदीपलीकडच्या बाईकडे वाघिणी जाणार, या एका विचारापुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. सगळं गवत त्या एका गंजीत होतं. गंजीला लागून परेस, परेसला लागून छप्पर, छपराला लागून घर. ते गेलं असतं तर बाबूशेठ पुन्हा उभे राहिले नसते.

काही आठवड्यांनी एका थंड सकाळी मी वखारीत आलो तर गंजीच्या माथ्यावरून वाफ निघत होती. गाडी ओढून आलेल्या बैलाच्या पाठीवरून निघते तशी, अगदी मंद. वास गोड होता, गुऱ्हाळातल्यासारखा. मला तो छान वाटला. मग पाहिलं तर सगळे हातातलं काम टाकून वर बघत होते. गंजीचा माथा मधोमध किंचित खचला होता.

बाबूशेठ पायथ्याशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहिवलीला जा. वैनीकडची लांब सळई मागून आन."

'वैनी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण घाईत ते माझ्या ध्यानात आलं नाही.

नदीला पाणी गुडघाभर होतं. मी पलीकडे गेलो तेव्हा आक्कांचं परेस चालू होतं, माणसं दांडा धरून फिरत होती. मी म्हटलं, "शेठनी लांब सळई मागितली आहे."

आक्का उठून उभ्या राहिल्या. "सळई?"

"हो."

"गवत वलं गेलं काय रं?"

ज्या माणसाच्या घरी मी दोन्ही वेळ जेवत होतो, त्याचं सर्वांत मोठं गुपित त्याच्या वैऱ्याने मला विचारलं होतं. ही गोष्ट तबेलेवाल्यांच्या कानावर गेली तर बाबूशेठच्या गासडीला कुणी शिवणार नाही. मी म्हटलं, "सळई तेवढी द्या."

"शपत घातलीय का तुला?"

"लिहून दिलंय."

"कुनाला?"

"आमच्या प्राध्यापकांना."

"त्यांची हाय का गंजी?"

मी मान हलवली. नाही म्हणून. मग सगळं सांगून टाकलं. खालापूरकडच्या गाड्या भिजलेल्या होत्या, त्या मधल्या थरात गेल्या आहेत, वाफ येतेय, माथा खचलाय. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा ऐकू येत होता.

आक्का एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि मग वळून, मोठ्याने: "परेस थांबवा रं!"

सळई खांद्यावर घेऊन मी नदी उतरलो. तिचं वजन फार नव्हतं, पण पाण्यात मला दोनदा थांबावं लागलं. आपण काय करून बसलो, एवढंच मनात होतं. प्राध्यापक, वडील, बाबूशेठच्या घरचं ताट, सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

सळई गंजीच्या पोटात घालतात, थोडा वेळ ठेवतात आणि ओढून टोकाला हात लावून बघतात. बाबूशेठनी ती दोन्ही हातांनी रेटून आत घातली. बाहेर काढून तळवा टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. मीही बोट लावलं. कातडीला चटका बसला. आजवर मी गवत म्हणजे थंड, मुकी, बिचारी गोष्ट समजत होतो. आत कुणी काहीही न लावता ही आच तयार झाली होती आणि बाहेरून गंजी अगदी शांत उभी होती.

मी वळलो तेव्हा नदीत माणसं दिसली.

दहिवलीची सगळी वखार येत होती. पुढे बैलगाड्या, त्यांत ओली गोणपाटं आणि पाण्याची पिंपं. मागे आकडे, कोयते, हंडे घेतलेले ठाकर बाप्ये आणि बायका. सगळ्यांच्या पुढे आक्का, पदर खोचलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांना कुणी बोलावणं पाठवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला पहिली भीती वाटली ती ही, की माझ्यामुळे त्या तमाशा बघायला आल्या.

आक्का गंजीभोवती एक फेरी मारून बाबूशेठपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "त्यांना सांग, वारं नदीकडनं हाय. त्या अंगानं भोक पाडाल तर भडकंल. वरनं उतरवा."

मी वळून सांगू लागलो, तर बाबूशेठ म्हणाले, "त्यांना सांग, वरनंच घेतो. पन आदी परेसावर गोनपाटं टाकू द्या."

"सांग, ती टाकलीच."

मी दोघांच्या मध्ये उभा राहून मान इकडून तिकडे वळवत होतो. एरवी कुणीही हसलं असतं. त्या दिवशी एक म्हातारी ठाकरीण तेवढी पुटपुटली, "बोला की गं बायो त्वांडानं, गवत काय थांबनार हाय व्हय?"

काम सुरू झालं. बाबूशेठ शिडीवरून माथ्यावर चढले. वरचे थर आकड्यांनी ओढून खाली टाकायचे, खाली ते लगेच दूर माळावर पसरायचे, उघड्या जागेवर ओलं गोणपाट घालायचं. नदीपासून वखारीपर्यंत माणसांची रांग लागली आणि हंडे हातोहात वर येऊ लागले. मीही रांगेत होतो. कर्जतचा कोण, दहिवलीचा कोण, थोड्या वेळाने मला ओळखू येईना. पहिले थर पिवळे निघाले. मग तपकिरी. मग भाजलेल्या कॉफीसारखे काळपट, हातात घेतले की चुरा होणारे. आणि त्याखाली, जिथे गवताची काडीही शिल्लक नव्हती, एक पोकळी होती. तिच्या तळाशी मंद लाल काहीतरी उजळत होतं, विझत होतं, पुन्हा उजळत होतं. मी त्यानंतर शेकडो आगींच्या जागा पाहिल्या. पण जन्मण्याच्या आधीची आग एकदाच पाहिली. मी हातातला हंडा पुढे द्यायचा विसरलो.

बाबूशेठ त्या पोकळीच्या काठावर वाकले होते.

"बाबू, खाली उतर!"

आक्का ओरडल्या. माझ्याकडे नाही, थेट वर. "उतर म्हनते न्हवं, मेल्या! पायाखालचं गेलं!"

बाबूशेठनी उडी टाकली. ते पसरलेल्या गवतावर आदळले आणि त्याच क्षणी माथ्याचा मधला भाग आत बसला. ते उभे होते त्या जागेतून ज्वाळ वर आली, माणसापेक्षा उंच. क्षणभर रांगेतला एकही हंडा हलला नाही. मग सगळे एकदम हलले.

दिवस मावळायच्या आत आग विझली. गंजीचं पोट गेलं, कडा वाचल्या. परेस वाचलं, छप्पर वाचलं, घर वाचलं. बाबूशेठच्या बायकोने सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. आक्कांनी घोटभर पाणी घेतलं, गूळ परत ठेवला, आणि आल्या तशा नदी उतरून गेल्या. त्यांचं परेस दिवसभर बंद होतं. मी बाबूशेठना विचारलं, "दहिवलीच्या माणसांची मजुरी कुठल्या खात्यात धरायची?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी भलत्याच भाषेत बोललो होतो. "कसली मजुरी? गंजी तापली व्हती."

मला तेव्हा कळलं आणि नंतर कर्जतमध्ये चारचौघांकडून पक्कं कळलं. कुणाचीही गंजी तापली, की तालुक्यातलं प्रत्येक परेस थांबतं आणि सगळे हात तिकडे जातात. भांडण असो, कोर्ट असो. हा कायदा कुणी केला हे कुणाला सांगता येत नव्हतं.

थोड्याच दिवसांनी माझी उमेदवारी संपली; वाघिणी त्याच रात्री यायच्या होत्या. अर्धं गवत गेलेलं, उरलेलं माळावर पसरलेलं, ओलंच. वाघिणी रिकाम्या जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. बाबूशेठनी माझा दाखला लिहिला, सही केली आणि पुढे सरकवला. मला तो उचलवेना.

"शेठ, एक सांगायचं आहे. गवत ओलं गेल्याचं दहिवलीला मी सांगितलं. तुमचं अन्न खाऊन."

मी डोळे मिटले नव्हते एवढंच. बाबूशेठनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा मागे सरकवून घातली.

"बीकाम, वखारीच्या मागं जाऊन बग. सळया किती हायत?"

मी जाऊन पाहिलं. भिंतीला लांबच लांब सळया टेकवलेल्या होत्या.

"मंग तुला दहिवलीला कशाला धाडला व्हता?" ते म्हणाले. "सळई मागायला मानूस आला, की समजायचं गंजी तापली. त्वांडानं कोन सांगतंय? कुनालाबी सांगवत नाय. तू मुका ऱ्हायला असतास तरी ती आली असती."

एवढे दिवस बाळगलेलं ते ओझं कुणी मागितलेलंच नव्हतं. तरी ते उतरलं असंही नाही, आजही नाही. माझ्या वचनाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

"पन मधल्या थराचं सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "सळईला तेवडं कळत नाय."

मग मला एक काम आठवलं. आक्कांची सळई आमच्याकडेच होती. उसनी वस्तू परत न देता मी गाडीत बसणं शक्यच नव्हतं. "ती देऊन येतो," म्हणून मी उचलली. बाबूशेठनी ती माझ्या हातातून घेतली.

"ऱ्हाऊ दे. मी जातो."

त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या, सळई खांद्यावर टाकली आणि ते नदीकडे उतरू लागले. घरातून त्यांची बायको दारात आली. पाण्याच्या मधोमध ते थांबले. मला वाटलं, परत फिरणार. मग पलीकडे चढताना दिसले.

तिकडे काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघालो. मांडीवर प्रबंध होता, त्यात माझ्या सुवाच्य अक्षरातलं स्पर्धेचं प्रकरण. ते मी पुढे तसंच दिलं, कारण गंजीची हकिकत बाहेर सांगायची नव्हती. आणि प्राध्यापकांना सर्वांत आवडलं तेच. गाडी हलली तशी बाजूच्या रुळांवरच्या बाबूशेठच्या वाघिणी दिसल्या. दारं उघडी होती आणि आत छपरापर्यंत गासड्या रचल्या होत्या. मी खिडकीतून वाकून पाहिलं. प्रत्येक गासडीला तीन तारा होत्या.